मीठ धुणाऱ्यांची लेक

सकाळच्या चहाबरोबर आज लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढू या.

जन्म 1868 चा, नाशिकजवळ जलालपूरचा. वडिलांचं सोवळं एवढं कडक, की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. कवी, भाबडे, तापट आणि पैशाशी कायमचं वाकडं.

1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच मागे गेल्या नाहीत. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग एकत्र आल्या, आणि पुढे 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःला पटल्यावर. निष्ठेची ही तऱ्हा मला फार आवडते.

1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलेलं. शाळा न पाहिलेल्या या बाईंनी ते ओवीबद्ध काव्य पुढे नेलं. अध्यायांमागून अध्याय लिहिले. मग मुलाने आग्रह धरला, तुझ्या आठवणी लिही. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी आली. त्यात नवऱ्याशी झालेली भांडणंही आहेत, स्वतःची फजितीही. 1936 मध्ये त्या गेल्या.

घरात कुठल्या फळीवर ‘स्मृतिचित्रे’ असेल, तर आज दोन पानं मोठ्याने वाचा. स्वयंपाकघरात ऐकू जातील अशी.