‘घरचीच’ म्हणताना

मूल सांभाळायला बाई ठेवलेल्या घरी दिवाळीच्या फराळाला गेले, की चकलीचा पहिला तुकडा मोडण्याच्या आत एक वाक्य बहुधा कानांवर पडतेच. “अहो, ती काही परकी नाही, आमच्या घरचीच आहे!” बोलणाऱ्या गृहिणीच्या मनात खोट नसते. जिच्याविषयी हे बोलणे चालते, ती आतल्या दारात उभी असते, तिच्या कडेवर त्या घरचे मूल असते, आणि तीही ऐकून हसते. सारे कसे गोड दिसते. मला मात्र हे वाक्य ऐकले की काही प्रश्न सुचू लागतात. घरच्या माणसाला पगार वाढवून मागता येतो का? सहा वाजले म्हणून घरचे माणूस पदर खोचून चालते होते का? उलट, घरच्या माणसाला ताटावरून रुसता येते, घरात वाटा असतो, आजारी पडले तर उशाशी कोणी बसते. यांपैकी या बाईच्या वाट्याला काय येते? ‘घरची’ या शब्दातली कर्तव्ये तेवढी तिच्या पदरात आणि हक्क आपल्या कपाटात, अशी तर ही वाटणी नाही ना?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत मी फार खोल शिरलेली नाही. पण ग्रीकांच्या ॲरिस्टॉटलने घरातल्या गुलामाला ‘जिवंत अवजार’ म्हटले, आणि त्यानंतर दोन हजार वर्षांनी जर्मन कान्टने बजावले की, माणसाला निव्वळ साधन म्हणून कधी वापरू नये, एवढे मला ठाऊक आहे. आपले स्वयंपाकघर या दोघांच्या मध्ये कोठेतरी आहे. कान्ट आजन्म अविवाहित राहिला. मूल सांभाळायला बाई शोधण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. ती आपल्यावर येते, म्हणून हा विचार आपल्यालाच करावा लागतो.

भांडी घासणाऱ्या बाईशी आपला व्यवहार सोपा असतो. पातेले लखलखीत निघाले की काम झाले. पातेल्यावर तिने माया करावी अशी कोणाची अपेक्षा नसते. मुलाचे तसे नाही. दूध वेळेवर पाजले, अंग पुसले, झोपवले, एवढ्याने आपले समाधान होत नाही. हे सगळे तिने मायेने करावे, असे आपल्याला वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु येथेच व्यवहार अडखळतो. वेळ विकत मिळतो, श्रम विकत मिळतात; माया विकत मिळत नाही. ती बाई आपण होऊन देते. आणि ज्याच्यासाठी देते, त्या मुलाला तर करार कशाशी खातात हेही ठाऊक नसते.

आपल्या जुन्या माणसांनी या गोष्टीचा विचार केला नव्हता असे नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे खरे कुळ सांगतो, राज्य पुढे करतो. कर्ण उत्तरात राधेची आठवण काढतो. मला पाहताच मायेने तिला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. तिला मी कसा सोडू, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. राज्याच्या पारड्यासमोर त्याने काय ठेवले, तर एका बाईने काढलेले लहानपणचे मलमूत्र! मूल सांभाळण्याच्या कामाचे यापेक्षा चोख मोल मला दुसरीकडे कोठे आढळलेले नाही.

इतके दूर तरी कशाला जायचे? पुण्याहून आमच्या आंबवड्याला यायचे तर सातारा रस्त्यावर कापूरहोळला वळून भोरची वाट धरावी लागते. हे कापूरहोळ धाराऊचे गाव. संभाजीराजे 14 मे 1657 रोजी पुरंदरावर जन्मले. आई सईबाई आजारी. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ त्यांची दूधआई झाली. पुढे 5 सप्टेंबर 1659 रोजी सईबाई राजगडावर वारल्या, आणि सव्वादोन वर्षांचे ते मूल पोरके झाले. धाराऊचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले आणि पुढे त्यांच्या पदरी राहिले. धाराऊला सालिना होन बांधून दिले होते, असेही सांगतात.

ही कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. परंतु तिच्यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. त्या काळी ‘दूधआई’ हा शब्द नुसता तोंडी लावायला नव्हता. त्या नात्याबरोबर मान येई, मुलांना पुढे जागा मिळे, नेमणूक ठरे. नाते आणि नेमणूक एकमेकींच्या आड येत नव्हत्या. आपण मात्र नात्याचा शब्द तेवढा उचलला, आणि नेमणुकीचा विषय निघाला की “घरच्यासारखे राहायचे, त्यात पैशाचे काय एवढे?” म्हणायला मोकळे झालो!

आता आमच्या बाजूची स्थिती सांगते. भोर-वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांतून पुष्कळ बाया पुण्याला कामाला जातात. कोणी स्वयंपाकाला, कोणी म्हाताऱ्या माणसांपाशी, कोणी मुले सांभाळायला. काही रोज जाऊन येतात, काही तिकडेच राहतात आणि सणावाराला येतात. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दोन-तीन मुले असतात, की ज्यांची आई पुण्याला दुसऱ्याचे मूल सांभाळते आणि ज्यांना इकडे आजी सांभाळते. ‘माझी आई’ या विषयावर निबंध घातला, की ही मुले पेन्सिलीचे टोक चावत बसतात. एका मुलीने लिहिले होते की, माझी आई फार चांगली अंगाई म्हणते असे ती जिथे काम करते तिथल्या काकू सांगतात. त्या वाक्याखाली शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी वही मिटून परत दिली.

म्हणून मला वाटते की, बाईशी आपले वागणे ठरवताना आपण फक्त दोन माणसे मोजतो, ते अपुरे आहे. तेथे दोन घरे असतात. आपण घरी यायला एक तास उशीर केला, की तो तास हवेतून येत नाही. तो कोणा दुसऱ्या मुलाच्या संध्याकाळीतून कापला जातो. शेवटची एस. टी. चुकली तर ते मूल जेवायचे थांबून राहते. त्याला कोणी खाडा लावून देत नाही.

आमचा हा मुलूख भाताचा आहे. भाताच्या खाचराला बांध लागतो. बांध नसेल तर पाणी ठरत नाही, आणि पाणी ठरले नाही तर रोप जगत नाही. बांध म्हणजे भिंत नव्हे. बांधावरून शेजारी येतो-जातो, बांधावर बसून दोघे भाकरी खातात. पण बांध कोणाचा कोठे आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. आणि बांध कोरणारी माणसेही असतात! एका वर्षी नांगराचे एक तास आत, पुढल्या वर्षी आणखी एक. आवाज होत नाही, भांडण होत नाही, आणि दहा वर्षांनी खाचर अरुंद झालेले दिसते.

मूल सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीत असेच बांध कोरणे चालते. “मूल निजलेच आहे, तर जरा दोन पोळ्या लाटतेस का?” हे पहिले तास. “पाहुणे आलेत, आज आठपर्यंत थांब” हे दुसरे. मग धुणे, मग निवडण, मग रविवार. प्रत्येक वेळी मागणे इतके लहान असते की नाही म्हणणारी बाई कुरकुरी ठरावी. कोरणाराला आपण काही घेतले असे वाटतच नाही. नांगर ज्याच्या हाती असतो, त्याने स्वतःला आवरायचे असते. पगार देणाऱ्याच्या हाती नांगर असतो, हे आपण कबूल केले पाहिजे.

बांध दुसऱ्या बाजूनेही कोरला जातो, हे मी नाकारीत नाही. न विचारता मुलाला घेऊन ओळखीच्यांकडे जाणे, डॉक्टरांनी वर्ज्य केलेले हळूच भरवणे, मूल रांगत असताना मोबाईलवर डोळे लावून बसणे, घरातल्या गोष्टी चार दारी सांगणे. हे चालवून घेऊ नये. पण ते सांगावे कसे? त्याच दिवशी, दोघींनीच असताना, शांतपणे. चार महिने मनात साठवून एके दिवशी सासूबाईंसमोर ओतू नये. आणि आपल्या बोलण्यातही खरेपणा हवा. घरात कॅमेरा बसवला असेल तर तो बसवला आहे असे सांगावे. लपून पाहणाऱ्या डोळ्याखाली कोणाची माया फुलत नाही.

माझा मुलगा लहान असताना शेजारच्या वाडीतल्या एक बाई त्याला सांभाळीत. मराठीची गंमत अशी की, शाळेत शिकवणारी तीही ‘बाई’ आणि घरकाम करणारी तीही ‘बाई’. मी त्यांना मावशी म्हणत असे, त्या मला बाई म्हणत. पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून त्यांनी सांगितले, “बाई, पोराचं समदं करीन. पण धुणं धुनार न्हाई, आन् काळूबाईच्या जत्रंला दोन दिस येनार न्हाई. आत्ताच सांगून ठिवते.” मला त्या बोलण्याचा राग आला नाही, हायसेच वाटले. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची जत्रा भरते, हे मलाही ठाऊक होते. ते दोन दिवस मी आधीच रजा टाकून ठेवू लागले. आमच्यात पुढे कधी कटुता आली नाही, याचे श्रेय मी माझ्या स्वभावाला देत नाही. त्या पहिल्या दिवशीच्या दोन वाक्यांना देते.

पुष्कळ जणींना असे स्पष्ट बोलता येत नाही. काम जाईल अशी भीती असते. म्हणून काही गोष्टी कायद्यालाच बोलाव्या लागल्या. कारखान्यात काम करणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर असावे, हे 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितले. पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ते बंधन होते. पण घरात येऊन मूल सांभाळणारीकडे कायद्याची नजर वळायला फार काळ जावा लागला. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. घरकामगारांनाही इतर कामगारांप्रमाणे विश्रांती आणि सुटीचा हक्क आहे, असा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात 2011 साली झाला. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तर राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले. तुमचा दिवाणखाना तिचे कचेरीचे ठिकाण आहे, हे ऐकायला जरा विचित्र वाटते खरे. पण तिच्या जागी उभे राहून पाहिले की लगेच पटते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मूल एके दिवशी बाईलाच ‘आई’ म्हणते. आई नोकरीवरून येते, हात पुढे करते, आणि मूल बाईच्या खांद्यात तोंड लपवते. त्या क्षणी आईच्या पोटात जे तुटते, त्याला हसण्यात अर्थ नाही. काही घरांत यानंतर बाई बदलली जाते. कारण दुसरेच काही सांगितले जाते. येथे मला ठाम बोलावेसे वाटते. वेळेला बांध घालावा, कामाला घालावा, पैशाला घालावा, जिभेला तर अवश्य घालावा. मुलाच्या मायेला बांध घालू नये. ते मूल काही तुमची ठेव काढून तिच्या खात्यात भरत नसते. दोन माणसांवर जीव लावायला शिकलेले मूल तिसऱ्यावरही जीव लावील. आणि बाई काम सोडून जाईल तेव्हा तिला मागल्या दाराने जाऊ देऊ नये. मुलाला सांगावे, निरोप घेऊ द्यावा, पुढेही भेटू द्यावे. माणसे अचानक नाहीशी होतात, हा धडा इतक्या लवकर शिकवायची गरज नाही.

पगार आणि माया एकत्र नांदतात का, असा प्रश्न मला पुष्कळदा विचारतात. प्रश्नाच्या मागे अशी समजूत असते की, पैशाचे स्पष्ट बोलले की माया आटते. माझा अनुभव उलट आहे. पगार चोख असेल, वेळ ठरलेली असेल, तरच तिची माया तिच्या मालकीची राहते, आणि ती हवी तितकी देऊ शकते. पगार अपुरा असेल आणि ‘घरचीच’ या शब्दाने तो भरून काढायचा असेल, तर तिची माया तिच्याकडून हप्त्याहप्त्याने वसूल होऊ लागते. तिलाही ते कळते; ती बोलून दाखवीत नाही इतकेच.

दिवाळीची पोस्त तुम्ही देणारच असाल. साडीही आणली असेल. पोस्त ही पगारातली उणीव बुजवायची लिंपणमाती होऊ नये, एवढे पाहावे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट द्यावी, असे मी सुचवीन. पाडवा आणि भाऊबीज हे दोन दिवस पगारी सुटीचे असतील, हे तिला चार दिवस आधी सांगा. आदल्या रात्री नव्हे. आधी कळले म्हणजे तिला गाडीत जागा मिळते, आणि गावाकडच्या माणसांना निरोप धाडता येतो. इकडे एखादी आजी नातवंडाला सांगू शकते की, उद्या नाही, परवा आई येणार आहे, आणि करंज्या तिच्याबरोबरच करायच्या आहेत.