अहोजाहो आणि अरेतुरे

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची पहिली फजिती हिंदीत होते. जिन्यात भेटलेल्या वडीलधाऱ्या शेजाऱ्यांना तो अगदी अदबीनं विचारतो, ‘तुम कैसे हो?’ त्याच्या मनात असतं ‘तुम्ही’, पण ‘तुम्ही’चा मान ‘तुम’ला नाही; तिथं ‘आप’च लागतं. शेजारी हसून घेतात, पण भुवई जरा वर जातेच.

याच घरातली मुलगी पुढं जवळच्या जेएनयूत स्पॅनिश शिकू लागली, तर ‘ओला’, ‘बुएनोस दियास’, ‘मे यामो’ चटकन पाठ होतं. मैत्रिणीला ‘कोमो एस्तास’, अनोळखी वडीलधाऱ्यांना ‘कोमो एस्ता उस्तेद’, हा भेद तिला कुणी समजवावा लागत नाही. भेटून आनंद झाला हे मुलगा ‘एन्कांतादो’ म्हणून सांगतो, मुलगी ‘एन्कांतादा’ म्हणून. आलो-आले म्हणत वाढलेल्यांना त्यात नवल ते काय! ‘उस्तेद’सोबत क्रियापद तृतीय पुरुषी येतं, तेही ‘साहेबांनी बसावं’ म्हणणाऱ्यांच्या ओळखीचंच.

खरी गंमत वर्गाबाहेर आहे. स्पॅनिशमधलं एकेरी सर्वनामही ‘तू’च, आणि त्यानं हाक मारण्याला ‘तुतेआर’ असं स्वतंत्र क्रियापद आहे. आपलं अरेतुरे करणं. फरक इतकाच की आपलं अरेतुरे बऱ्याचदा भांडणात निघतं, आणि तिथं मोठा माणूस आपण होऊन ‘तुतेआमे’ म्हणतो, म्हणजे अहोजाहो पुरे. स्पेनमध्ये हल्ली अनोळखी माणसालाही सर्रास ‘तू’ चालतं. उलट कोलंबियातल्या बोगोताकडं आई पोटच्या लेकराला ‘उस्तेद’ म्हणते, आणि त्यात दुरावा नसतो, मायाच असते. आपण तरी काय करतो? आईला तू, बाबांना अहो, आणि विठोबाशी थेट एकेरीवर. मान कुठं संपतो आणि जवळीक कुठं सुरू होते, हे सर्वनामांचा तक्ता सांगत नाही.

दिल्लीनं आपल्यापुरता तोडगा काढलाय: ‘आप बैठो’. सर्वनाम मानाचं, क्रियापद बरोबरीचं. हिंदीचे मास्तर कपाळाला हात लावतात. मला मात्र ते ऐकायला बरं वाटतं. स्पेनमधल्या पश्चिम अंदालुसियातले लोकही मानाच्या अनेकवचनी ‘उस्तेदेस’ला बरोबरीच्या ‘वोसोत्रोस’चं क्रियापद जोडून खुशाल बोलतात, आणि तिथलेही मास्तर वैतागतात.