मनाची ग्वाही

मनाची ग्वाही खरी मानावी, असे आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक मुलांना नेहमी सांगतो. पण ती ग्वाहीच खोटी निघाली तर? लहान विमान चालवणाऱ्यावर ही वेळ खरोखर येते. स्वच्छ आकाशात उड्डाण केलेले असते. वाटेत एकाएकी ढग दाटतात आणि क्षितिज नाहीसे होते. आपला तोल सांभाळणारा कानातला द्रव मग दगा देतो. विमान हळूहळू कलत असते, शरीर मात्र सांगते, आपण सरळच आहोत.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली २० जणांवर याचा प्रयोग केला. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण त्यांना नव्हते. बाहेरचे दिसेनासे होताच विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पुरती तीन मिनिटेही नाहीत!

यांतला कोणीही बेइमान नव्हता. आम्हाला छळते ते हेच. चुकणाऱ्याचे यकीनही आतून अगदी खऱ्यासारखेच असते. म्हणून वैमानिकाला शिकवतात, शरीर काहीही म्हणो, समोरच्या काट्यावर विश्वास ठेव. आणि ते शिक्षण नसेल तर ढग दिसताच मागे फिर. याला भित्रेपणा कोण म्हणेल? पण घरी लग्न असले की म्हणणारे भेटतात.

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन केनेडी (धाकटे) नात्यातल्या लग्नासाठीच निघाले होते. समुद्रावर धूसर हवा होती. दिशाभ्रमाने विमानाचा ताबा सुटला, असे चौकशीत ठरले. सोबत पत्नी आणि मेहुणी होत्या. त्या दोघींनी कोणाच्या ग्वाहीवर विसंबायचे होते?