अदृष्टाच्या आधी अर्थिंग

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. उपनगरांत हौसेने राखलेल्या काही अजून आहेत. बॅटरी नवी, तरी पावसाळ्यात दिवे मंदावतात, आणि घाटकोपरच्या गॅरेजात नेली की सगळं ठीक. मग लिंबू-मिरची बांधली जाते. त्याला हसू नये. लोहचुंबकाकडे सुई का ओढली जाते, याचं उत्तर वैशेषिक दर्शनकारांनीही ‘अदृष्ट’, म्हणजे न दिसणारं कारण, असंच दिलं होतं. पण अदृष्टाची पाळी दृष्ट कारणं तपासून झाल्यावर येते, आणि ती तपासायला न्यायदर्शनाच्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक (कारण असेल तर कार्य असतं, नसेल तर नसतं) पुरतो: गाडी बंद असताना बॅटरीच्या वायरीत मीटर जोडून एकेक फ्यूज काढावा, ज्याने करंट उतरतो, गळती त्याच सर्किटमध्ये.

आक्षेप असा, की येणारा-जाणारा दोष या कसोटीत सापडत नाही. वायर तीच, दिवे कधी नीट, कधी मंद. खरं आहे. पण त्यावरून कारणच नाही असं ठरत नाही. सहकारी कारण नजरेतून सुटलं, एवढंच ठरतं. इथे ते बहुधा दमट, खारी हवा असते. अर्थिंगचा बोल्ट गंजतो, तांब्याच्या लगवर हिरवट थर चढतो, हादऱ्याने जोड कधी टेकतो, कधी सुटतो. दिवे लावून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि बॉडी यांत अर्धा व्होल्ट दिसला, तर बोल्ट सोडवून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा.