पत्र्याखालची दुपार

नवतपा लागला की आंबागडच्या वाटेवर सकाळीच डोळे मिटावे लागतात. इ.स. १७०० च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या सरदाराने, राजा खानाने, हा किल्ला बांधला. त्याच्या जाड दगडी भिंती तापायला अर्धा दिवस जातो. कोठ्यावरच्या टिनाला तेवढा दम नसतो.

अशा टिनाखाली डुकरे पडलेली दिसतात. खाली सिमेंट, वर तापलेला पत्रा. कुशीवर, पाय ताणून, एकमेकांपासून लांब, आपल्याच ओल्या घाणीत. पाहणारा नाक दाबतो आणि म्हणतो, जातच तशी.

जागा आणि गारवा मिळाला तर डुक्कर झोपायचा कोपरा वेगळा ठेवते, घाणीचा वेगळा. पण त्याला घाम जवळजवळ येतच नाही. अंग निववायचे तर ओल बाहेरून आणावी लागते. बोडीकाठी चिखल मिळतो. कोठ्यात जे ओले असेल, त्यातच लोळायचे.

कोठा पूर्व-पश्चिम लांब असावा, म्हणजे तिरपे ऊन आत कमी शिरते. बाजू उघड्या, छप्पर उंच. पत्र्यावर तणसाचा जाड थर. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात तणस काही शोधायला जावे लागत नाही, तरी पत्रे उघडेच दिसतात. फवारा मारावा, पण वाराही खेळता हवा. मे महिन्यात सुखावणारा कूलर मृगानंतर घर नुसते दमट करतो, हे विदर्भात कुणाला सांगावे लागत नाही. माणसाला निदान तो बंद करता येतो.

व्यायलेल्या डुकरिणीचे आणखी अवघड. तिला २० अंशांच्या आसपास बरे वाटते, नुकत्या जन्मलेल्या पिलांना ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. खण मात्र एकच. थंडीत पिलांसाठी कोपऱ्यात तणस आणि बल्ब ठेवला की भागते. उन्हाळ्यात पिलांना ऊब आयती मिळते. पण आईचे खाणे तुटते, दूध आटते आणि पिले उपाशी राहतात.

जाणता पाळणारा थर्मामीटरआधी डुकरे कशी निजली आहेत ते बघतो. एकमेकांवर रचून पोटावर बसली, तर गारठा. लांब लांब पसरली, तर उकाडा. मग सावलीतला एक कोपरा तो पाण्याने ओला करून देतो. उरलेली फरशी ती बहुधा स्वतःच कोरडी ठेवतात.