विहिरीवरचा खिळा

आमच्या बोळिंजच्या वाडीत दसऱ्याला पाटावर जे जे मांडलं जातं, त्याला आबा स्वतःच्या हाताने फूल वाहतात. कोयते, विळी, फावडं, मोटारीचा पाना, अलीकडे माझा लॅपटॉपसुद्धा. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडू आणि आपट्याचं पान. फक्त एका वस्तूला काही नाही. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून वीतभराहून जरा लांब अशी एक काळी नळी निघते, पाटाच्या कडेला ठेवली जाते आणि संध्याकाळी तशीच डब्यात परत जाते. लहानपणी मी एकदा तिच्यावर फूल ठेवलं होतं. आबांनी काही न बोलता ते उचलून कोयत्यावर ठेवलं.

ती रायफलची दुर्बीण आहे, आणि आबा तरुणपणी शिकारीला जात, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं कळलं ते मी स्वतःसाठी दुर्बीण घेतली तेव्हा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला पक्ष्यांचं वेड लागलं. हिवाळ्यात अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला जाऊन बसायचं. कुरव, सुरय, चिखल्या, वाळूवरून लाटेमागे पळणारे तुतारी. नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसत. म्हणून मी घरबसल्या एक दुर्बीण मागवली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘90 पट’ लिहिलेलं, किंमत दोन हजारांच्या आत. पडवीत बसून मी ती आबांच्या हातात दिली.

आबांनी ती डोळ्यांना लावलीच नाही. हात लांब करून उजेडाकडे धरली आणि मागच्या भिंगात पाहिलं. तिथे उजेडाचा एक इवलासा ठिपका होता, कडा चपटलेल्या, चौकोनाकडे झुकलेला.

“हा ठिपका बघ, बाय. यातून जेवढा उजेड येतो तेवढाच तुझ्या डोळ्यात जाणार. पुढच्या भिंगाची रुंदी घे आणि जितकी पट मोठं दिसतं त्याने भाग. खोक्यावर रुंदी 60 मिलिमीटर लिहिलीय. 60 भागिले 90. एक मिलिमीटरसुद्धा नाही. सांजेला माणसाची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते. मग तुला काय दिसणार? आणि हे 90 तरी खरे कशावरून?”

मी हिरमुसले, पण दुर्बीण परत केली नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या डिकीत टाकून अर्नाळ्याला नेली. आगाशीपासून पुढचा रस्ता तेव्हा खणलेला होता. परत आले तेव्हा डोकं ठणकत होतं. आबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

“जा, पडवीच्या पायरीवर बस, आणि रहाटाच्या खांबातला खिळा बघ.”

आमच्या विहिरीवर रहाट आता नाही. मोटार बसल्यावर तो निघाला, पण त्याचा एक लाकडी खांब कठड्याला लागून अजून उभा आहे. त्यात छातीइतक्या उंचीवर एक गंजका खिळा आहे. लहानपणापासून पाहत आलेला, कशासाठी ठोकलाय हे कधी न विचारलेला. मी दुर्बीण लावली. खिळे दोन दिसत होते, एकाच्या जरा वर दुसरा.

“दोन दिसतात ना? आतले काच-लोलक हलले. डाव्या डोळ्याचं चित्र एकीकडे, उजव्याचं दुसरीकडे. दिवसभर तुझे डोळे ती दोन चित्रं ओढून एक करत होते, म्हणून डोकं दुखलं.” मग आबा उठले आणि आतून पत्र्याचा डबा घेऊन आले.

1971 सालचा पौष महिना. आबांचं वय चोवीस. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली 315 बोअरची रायफल, तिचा परवाना, आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्याकडून घेतलेली ही चार पटीची परदेशी दुर्बीण. त्या काळी सगळ्या पंचक्रोशीत असली वस्तू फक्त आपल्याकडे आहे, याचा त्यांना ताठा होता. घेताना त्यांनी तिच्यातून चंद्र पाहिला, जीवदानीचा डोंगर पाहिला, आणि दिसतं किती छान म्हणून घेतली. वाडीच्या मागे एका फळीवर कागद लावून पाच गोळ्या मारल्या. दुर्बिणीतली नेम धरायची फुली बरोबर बसली. मग रायफल घोंगडीत गुंडाळली आणि बैलगाडीने तुंगारेश्वरच्या पायथ्याशी गेले. सारी वाट दगडगोट्यांची.

पहाटे भेकर दिसलं. ओहोळाच्या वर, कारवीच्या कडेला, ऐंशी पावलांवर. सोबत एक वारली म्हातारा होता. तो म्हणाला, जवळ येऊ दे. आबा म्हणाले, दुर्बीण आहे ना. फुली खांद्यामागे धरली आणि बार काढला.

“ते पडायला हवं होतं. ते भुंकलं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं ठाऊक आहे ना तुला, पण हे तसं नव्हतं. आणि गेलं.”

रक्ताचा माग मिळाला. म्हातारा वाकून पुढे, आबा मागे. सुकलेल्या ऐनाच्या पानावर एक थेंब, मग दहा पावलांवर दुसरा, मग दगडावर पुसल्यासारखा डाग. रक्त काळपट होतं. म्हातारा म्हणाला, पोटात लागलंय, हे लवकर मरायचं नाही. दुपारपर्यंत माग चालला. ओहोळाच्या एका वळणावर तो पाण्यात उतरला आणि पलीकडे निघालाच नाही. रात्र त्यांनी तिथेच काढली. दुसऱ्या दिवशी आकाशात गिधाडं दिसतात का म्हणून बघत राहिले. तेव्हा गिधाडं पुष्कळ होती, पण त्या दिवशी एकही उतरलं नाही.

“मेलं असतं तर घरी आणून खाल्लं असतं, शेजारी वाटलं असतं. ते कुठे जाऊन पडलं, किती दिवसांनी, ते मला आजही ठाऊक नाही.”

घरी आल्यावर आबांनी रहाटाच्या खांबात खिळा ठोकला. पडवीत वाळूची पोती रचून त्यांवर रिकामी रायफल पक्की बसवली आणि फुली खिळ्याच्या डोक्यावर आणली. मग दुर्बिणीच्या नळीवर मुठीने हलकेच ठोकलं. फुली खिळ्यावरून सरकली. पुन्हा आणली, पुन्हा ठोकलं, पुन्हा सरकली, आणि दर वेळी वेगळ्या जागी. दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या दोन कड्यांपैकी पुढच्या कडीचा एक स्क्रू गाडीच्या हादऱ्यांनी ढिला झाला होता. कडी केसाच्या जाडीएवढी हलत होती. आबांनी मला त्याचं गणित पाटीवर मांडून दाखवलं. दोन कड्यांमध्ये अंतर साधारण 12 सेंटिमीटर. पुढची कडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा हलली, तर शंभर मीटरवर निशाण आठ सेंटिमीटरहून जास्त चुकतं. भेकराच्या अंगावर तेवढ्यात काळजाचं पोट होतं.

स्क्रू आवळून त्यांनी दुसरी परीक्षा घेतली. फुली वर-खाली, डावी-उजवी सरकवायच्या ज्या दोन खुंट्या असतात, त्या वीस ‘कट’ वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे अशा फिरवल्या. चौकोन पुरा झाल्यावर फुली खिळ्यावरच परत यायला हवी. आली नाही. आतली स्प्रिंगही थकलेली होती. बाहेरून भिंगं आरशासारखी स्वच्छ, चित्र झकास, आणि वस्तू पहिल्यापासून खोटी.

“परीक्षा मला येत होती, बाय. त्या बोटीवाल्याने घेतानाच सांगितली होती. मीच केली नाही. अर्ध्या तासाचं काम होतं.”

रायफल त्यांनी परवानाधारक दुकानदाराला विकून टाकली. पुढच्याच वर्षी, 1972 मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही परवाना काढून काही प्राणी मारता येत. ती वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. 2003 मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झालं. लोक म्हणत, कायद्यामुळे यांची शिकार सुटली. आबांनी कधी खुलासा केला नाही.

त्या रविवारी नवी दुर्बीण घ्यायला आम्ही दोघं विरारहून लोकलने चर्चगेटला उतरलो आणि फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. दुकानदार दहा पटीच्या, बारा पटीच्या दुर्बिणी पुढे करत होता. आबा म्हणाले, हातात धरून बघायची तर आठ पुरे, जास्त पटीत हाताची थरथरही तितकीच मोठी होते. शेवटी 8×42 पाहिली. 42 भागिले 8, सव्वापाच मिलिमीटर. उजेडाचा ठिपका गोल, कडेपर्यंत गोल. आत कोरडा नायट्रोजन भरून सांध्यांना रबराच्या कड्या, म्हणजे आपल्या पावसाळ्यात आतून धुकं धरत नाही, भिंगांवर बुरशीची जाळी चढत नाही. मी डब्यातली जुनी नळी आठवली. तिच्यातून आता पांढरं जाळंच दिसतं.

आबांनी दुकानदाराला विचारलं, “बिघडली तर उघडतं कोण? मुंबईत की बाहेर? किती दिवस?” रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं एक अक्षर धरून त्यांनी दुर्बीण तळहातावर चार वेळा आपटली आणि पुन्हा पाहिलं. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला मात्र त्या हाताकडे बघवेना. पन्नास वर्षं उशिरा ठोकणारा हात होता तो.

चौदा हजार रुपये गेले. माझ्या अर्ध्या पगाराला भारी पडलं, पण घेतली.

त्या दुर्बिणीने एक अख्खा पावसाळा काढला. अर्नाळ्याला दोनदा चिंब भिजली, एकदा वाळूत पडली. मला आता तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव यांतला फरक सांगता येतो. कधीकधी आबा बरोबर येतात. दुर्बीण एकदा त्यांच्या हातात गेली की अंधार पडेपर्यंत परत मिळत नाही. काय बघता विचारलं तर म्हणतात, पाय. पळताना कोण लंगडतंय का ते बघतो.

दसऱ्याला पाट मांडला. कोयते, विळी, फावडं, पाना, लॅपटॉप. मी माझी दुर्बीण आणून मधोमध ठेवली. कडेला ती काळी नळी होतीच. आबांनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. दुर्बिणीपाशी आल्यावर झेंडू हातातच राहिला.

“विहिरीकडे बघून आलीस?”

नव्हते आले. मी दुर्बीण उचलली, पडवीच्या पायरीवर बसले, खिळा शोधला. नळीवर चार वेळा ठोकलं. पुन्हा पाहिलं.

“एकच आहे, आबा.”

मग त्यांनी फूल ठेवलं.