भरवशाची गाडी

‘पूर्वीच्या गाड्या काय दणकट होत्या हो! आताचे सगळे पत्र्याचे डबे,’ हे वाक्य कधी कोणाच्या तोंडून ऐकले नाही असा वाचक विरळाच. बोलणारा बहुधा साठी ओलांडलेला असतो आणि त्याच्या सुरात तक्रारीपेक्षा लाडच जास्त असतो. अशा वाक्याला कोणी पुरावा मागत नाही. मागणे असभ्यपणाचे वाटते.

नॉस्टॅल्जिया या शब्दासाठी मराठीने ‘स्मरणरंजन’ हा फार नेमका शब्द घडवला आहे. त्यात स्मरण आहे आणि रंजनही आहे. दोहोंत कोणाचा वाटा किती, हे मात्र शब्द सांगत नाही. माणसाला आपल्या आठवणींत रमण्याचा हक्क आहे, हे मान्य. पण तीच आठवण साक्षीदार म्हणून उभी राहिली आणि आजच्या वस्तूंविषयी, आजच्या माणसांविषयी निवाडा मागू लागली, तर तिची उलटतपासणी करावी की नाही? मला वाटते, करावी. आणि त्यासाठी मोटारीसारखे उदाहरण नाही. कविता पूर्वी चांगली होती की आता, याचा निकाल लागत नाही. गाडी सकाळी चालू झाली की नाही, याचा लागतो.

आपल्या सीमाभागात परदेशी गाड्यांचे कौतुक दोन वाटांनी आले. एक वाट मुंबईची. जनरल मोटर्सने १९२८ साली तिथे जुळणीचा कारखाना काढला आणि शेव्हरोलेट गाड्या रस्त्यावर आल्या. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. दुसरी वाट घाट उतरून गोव्याची. डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज अंमल होता आणि परदेशी गाडी आणायला भारतासारखे निर्बंध नव्हते. म्हणून ओपेल, मर्सिडीज, फोक्सवॅगन ही नावे गोव्यात घरगुती झाली होती. इकडे १९५० नंतरच्या दशकात आयातीचे दार लागले आणि पुढे कित्येक वर्षे अॅम्बॅसडर आणि फियाट यांतच आपले सारे वाद मिटत. निवडच नव्हती तिथे तुलना कसली? हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर जिथे देशी आणि परदेशी माल एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभा होता, त्या अमेरिकेतच जायला हवे.

तिथे या बाबतीत दोन घराणी आहेत. एक घराणे १९५७ च्या शेव्हरोलेट बेल एअरच्या नावाने उसासे टाकते. दुसरे म्हणते, भरवशाची गाडी म्हणजे आमची जुनी फोक्सवॅगन, आमची व्होल्व्हो, आमची पहिली टोयोटा. दोघांनाही आपापली गाडी कधी बंद पडल्याचे आठवत नाही!

आता उलटतपासणी. १९६० च्या आसपास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या जनरल मोटर्सच्या असत. दरवर्षी नवे रूप, शेपटीला पंख, क्रोमचा झगमगाट. गेल्या वर्षीची गाडी यंदा जुनी वाटावी, हे तिथे उघड धोरण होते. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांतल्या मैल मोजणाऱ्या यंत्रात पुरे मैल दाखवायला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. बनवणाऱ्यांचीच अपेक्षा केवढी होती ते यावरून समजावे. काही हजार मैलांनी प्लग पाहा, पॉइंट घासा, कार्ब्युरेटर साफ करा, हे नित्यकर्म होते.

आणि दणकटपणा? अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली एक अपघात-सुरक्षा संस्था आहे. तिने २००९ साली आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू, दोन्ही शेव्हरोलेटच, ताशी ४० मैलांच्या वेगाने समोरासमोर धडकवल्या. जुन्या गाडीचा चालकाचा कप्पा चुरगळून गेला, सुकाणू वर आत घुसले. आत बसवलेल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या माणसाचा पाय दुखावला असता, एवढेच. जाड पत्रा म्हणजे मजबुती, ही समजूत त्या धडकेत निकालात निघाली. तरीही ती बोलली जातेच.

पण म्हणून दुसऱ्या घराण्याने हुरळून जाऊ नये. टोयोटाने १९५७ साली टोयोपेट क्राऊन अमेरिकेत नेली तेव्हा तिथल्या महामार्गांच्या वेगापुढे तिचे काही चालेना; थोड्याच वर्षांत ती मागे घ्यावी लागली. फ्रेंच डॉफिन आधी धडाक्याने खपली आणि मग तिच्या गंजाच्या कथा पसरल्या. इंग्रजी गाड्यांच्या दिव्यांवर तर विनोदांचे एक वेगळे साहित्यच आहे. होंडाच्या पहिल्या सिव्हिक गाड्यांचे पत्रे बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाळणीसारखे होत. परदेशी म्हणजे टिकाऊ, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते फोक्सवॅगनने शिकवले. बिघडक्या गाडीला तिकडे ‘लिंबू’ म्हणतात. फोक्सवॅगनने १९६० च्या सुमारास आपल्याच गाडीच्या छायाचित्राखाली तो एकच शब्द छापला आणि खाली खुलासा केला, की एका पट्टीवरच्या बारीक डागासाठी आमच्या तपासनिसाने ही गाडी नापास केली. स्वतःला नापास करणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसला.

मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला. छोट्या गाडीला मागणी आली. जनरल मोटर्सने त्याआधीच, १९७० च्या शरदात, आपली छोटी व्हेगा काढली होती. एका नामांकित मासिकाने तिला वर्षाची सर्वोत्तम गाडीही ठरवले होते. ती गंजली, तिचे इंजिन तापून वाकले. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरे काय! ज्यांनी पिढ्यान् पिढ्या एकाच कंपनीची गाडी घेतली होती त्यांची मुले टोयोटा-होंडाच्या दुकानात शिरली, ती परत फिरली नाहीत.

इथे गावाकडच्या वाड्यांची आठवण होते. सागवानी खांबांचा, दोनशे वर्षे उभा असलेला एखादा वाडा दाखवून आपण म्हणतो, असे बांधकाम आता होत नाही. जे वाडे पहिल्या पन्नास वर्षांतच बसले, ते दाखवायला उरलेले नसतात. गाड्यांचेही तसेच. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेल्या व्होल्व्होवर २०१३ पर्यंत तीस लाख मैल पुरे केले. खरी गोष्ट. पण त्यात व्होल्व्हो किती आणि गॉर्डन किती? वेळेवर तेल बदलणाऱ्या त्या हाताला आपण धन्यवाद देत नाही, कारखान्याला देतो.

मला वाटते, घोटाळा ‘भरवसा’ या शब्दातच आहे. एक भरवसा असा की वस्तू मोडणार नाही. दुसरा असा की मोडली तर मी ती दुरुस्त करीन. जुन्या अमेरिकी गाडीने पहिला कधीच दिला नाही, दुसरा भरपूर दिला. झाकण उघडले की इंजिनाभोवती माणूस हात घालू शकेल एवढी जागा. बाप आणि मुलगा रविवारी तिच्यापाशी उभे. क्युबात पाहा. १९६० नंतर अमेरिकेने व्यापार तोडला आणि सुटे भाग बंद झाले, तरी हवानाच्या रस्त्यांवर पन्नाशीच्या दशकातल्या शेव्हरोलेट आणि ब्यूक धावत राहिल्या. वर अमेरिकी पत्रा, आत बऱ्याचदा रशियन किंवा दुसरेच एखादे डिझेल इंजिन. तिथले पर्यटक गाडीचा फोटो काढतात. काढायला हवा मेस्त्रींचा.

जपानी गाडीने पहिला भरवसा दिला आणि त्याची किंमत म्हणून मालकाला कामावरून कमी केले. ती मोडेना, म्हणून तिला आपली गरज लागेना. म्हातारा माणूस जुन्या गाडीसाठी हळहळतो तेव्हा तो गाडीच्या गुणांसाठी हळहळत नसतो. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडत होतो, त्या दिवसांसाठी हळहळत असतो. ही हळहळ खोटी नाही. तिने दिलेली साक्ष तेवढी खोटी.

आणि खोट्या साक्षीने माणसे मरतात. १९८० च्या सुमारास डेट्रॉईटचे कारखाने बंद पडत होते, हजारोंच्या नोकऱ्या जात होत्या. ‘आमचे दिवस चांगले होते’ या वाक्याला पुढचे वाक्य जोडले गेले: ‘ते ह्यांनी नेले’. जपानी गाड्यांवर भर चौकात घण घालण्याचे कार्यक्रम झाले. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन हा सत्तावीस वर्षांचा तरुण, लग्न अवघ्या काही दिवसांवर आलेले, बेसबॉलच्या दांडक्याने मारला गेला. मारणारे दोघे, सावत्र बाप आणि मुलगा, मोटार कारखान्यांत काम केलेले होते. चिन जपानी नव्हताच, चिनी वंशाचा अमेरिकी होता. गुन्हेगारांना राज्याच्या न्यायालयात तुरुंगवास झाला नाही. तीन हजार डॉलर दंड आणि चांगल्या वर्तनाची अट, एवढ्यावर ते सुटले. जुने दिवस कोणी नेले याचा तपास दांडक्याने केला की असा निकाल लागतो.

नीट तपास दुसऱ्याच ठिकाणी झाला, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, दारू आणि भांडणांसाठी कुप्रसिद्ध होता. तो १९८२ साली बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला तेव्हा घेतलेले कामगार बहुतांशी तेच जुने होते. त्यांतल्या काहींना शिकायला जपानला पाठवले. मुख्य फरक एका दोरीचा. पूर्वी काही झाले तरी गाड्यांची रांग थांबवायची नाही, चूक पुढे सरकू द्यायची, असा रिवाज होता. आता कोणाही कामगाराला चूक दिसली की दोरी ओढून मदत बोलावता येई, वेळ पडल्यास रांगही थांबे. थोड्याच दिवसांत त्याच हातांनी केलेल्या गाड्या कंपनीच्या उत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. दोष रक्तात नव्हता, देशात नव्हता.

गंमत पुढेच आहे. फ्रीमाँटच्या त्याच छपराखाली जवळजवळ एकच गाडी दोन नावांनी तयार होई: एकीवर टोयोटा कोरोला, दुसरीवर शेव्हरोलेटचे नाव. जुन्या बाजारात टोयोटाच्या नावाची गाडी जास्त किमतीला जाई. धातू एक, हात एक. फरक गिऱ्हाइकाच्या स्मरणात होता, आणि १९७० मध्ये पोळलेल्या माणसाने पुढची पंधरा वर्षे त्याच स्मरणाने व्यवहार केला. त्याला मूर्ख म्हणवत नाही मला. पण फ्रीमाँटच्या कामगाराने त्याचे काय बिघडवले होते?

तो कारखाना २०१० साली बंद झाला आणि टेस्लाने घेतला. आता तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला पान्याने त्यांतले फारसे काही उलगडत नाही. निदान करायला कंपनीच्या संगणकी चाव्या लागतात. या प्रश्नावर मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ आणि २०२० साली सार्वमत झाले: गाडीच्या पोटातली माहिती मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या मेस्त्रीला मिळावी की नाही? पहिल्या खेपेला दर शंभरांत ऐंशीहून अधिक आणि दुसऱ्या खेपेला सुमारे पंचाहत्तर मतदार म्हणाले, मिळावी. गाडी कुठल्या देशाची, हे त्या मतपत्रिकेवर विचारलेलेच नव्हते.